तोच ताप

दौंड, १९ जुलै २०२४

दादा,

हे पत्र माझ्याबद्दल नाही, वहिनीबद्दल आहे. म्हणून फाडण्याआधी पूर्ण वाच. मी भारतशी लग्न केलं आणि तू आम्हा दोघांचेही नंबर ब्लॉक केलेस. घरच्या फोनवर माझा आवाज आला की आबा फोन ठेवून देतात. म्हणून डेअरीच्या पत्त्यावर टाकतेय. तिथलं टपाल तुझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

परवा दौंडच्या बाजारात न्हावऱ्याच्या तानुबाई मावशी भेटल्या. वहिनीला पाचवा महिना आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या म्हणाल्या, आपल्या गावात, निमोण्यात घरोघर ताप आहे, वहिनीलाही आला होता. अंगावर बारीक लाल पुरळ उठलं, डोळे लाल झाले, मनगटं आणि घोटे दुखले, आणि दोन-चार दिवसांत सगळं आपोआप गेलं. आई म्हणाली उष्णता आहे, आणि सब्जा पाजला. मावशींनी हे सहज सांगितलं. मी मात्र भाजीची पिशवी तिथंच ओट्यावर ठेवून खाली बसले.

कारण दादा, मलाही हेच झालं होतं. मलाही दिवस गेलेत, तिसरा महिना चालू आहे. ही बातमी तुला अशी कळवायला नको होती.

मीही उष्णताच समजले होते. पण इथल्या डॉक्टर मॅडमनी पुरळ बघितलं, किती दिवस गेलेत ते विचारलं आणि रक्त-लघवी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. झिका निघाला. डेंग्यूचा डास असतो ना, दिवसा चावणारा, त्याच्याच चावण्यानं होतो. मॅडम म्हणाल्या, "तुला यानं काही होणार नाही. पोटातल्या बाळाला होऊ शकतं. होईलच असं नाही." बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, डोकं लहान राहतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी ऐकत होते, पण मधली काही वाक्यं मला आता आठवतच नाहीत.

वहिनीला शिरूरच्या सरकारी दवाखान्यात ने. ताप उतरला म्हणून सोडून देऊ नकोस. 'गरोदर आहे, ताप आणि पुरळ येऊन गेलं,' एवढंच सांग, पुढचं ते बघतील. डेअरीमागं कॅन धुवायची सिमेंटची टाकी आहे, ती उघडीच असते, ती उपसून कोरडी कर. गोठ्याकडचे ड्रम झाक. वहिनी दुपारी झोपते तेव्हाही मच्छरदाणी लावा. आणि हा रोग नवरा-बायकोतही एकमेकांना लागतो, तेव्हा काळजी घ्या. बहिणीनं भावाला असलं लिहायचं नसतं, पण लिहिलं.

उत्तर नको. फक्त तिला घेऊन जा.

मोनी


दौंड, २५ ऑगस्ट २०२४

दादा,

काल पुण्याच्या दवाखान्यात तू बाहेर चहाच्या टपरीवर उभा होतास. मी वरच्या खिडकीतून तुला पाहिलं. बारीक झालास.

सोनोग्राफीच्या बाकड्यावर बसले होते, तर शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. बघते तर वहिनी. पदरानं घाम पुसत होती. मला बघून आधी घाबरलीच.

"वन्सं? तुमी हितं?"

मी म्हटलं, "तुझ्यासारखीच आलेय."

मग ती रडायला लागली, आणि रडत रडतच सांगत गेली. "पत्र वाचलं त्यांनी. मला काय दाखवलं न्हाई. पन त्याच दिशी डेरीमागची टाकी उपसली. दुसऱ्या दिशी गाडीवर बसवून मला शिरूरला नेलं. मी म्हनलं, आता तर बरी हाय की मी. तर म्हनले, गप बस आन् चल."

"रिपोर्ट काय आला?"

"तुमच्यासारखाच."

बराच वेळ आम्ही एकमेकींचा हात धरून बसलो होतो. नंबर पुकारायची बाई दोनदा आमच्याकडं बघून गेली. लग्न होऊन वहिनी घरात आली तेव्हा मी कॉलेजला होते, आठवतं? भाकरी थापताना ती मला पाणी लावून द्यायला बसवायची. त्यानंतर आम्ही दोघी अशा शेजारी बसलोच नव्हतो.

तिनं मला शपथ घातलीय. तू सोडून घरात कुणालाच माहीत नाही, आबांना तर मुळीच नाही, तेव्हा मीही कुठं बोलायचं नाही. मी हो म्हटलं. तिला दिलेला शब्द मी पाळेन. तू निर्धास्त राहा.

दोघींच्याही सोनोग्राफीत काल काही वावगं दिसलं नाही. डॉक्टरांनी मला वेगळं बसवून सांगितलं, की वहिनीला ताप पाचव्यात आला, मला तिसऱ्यात. जितका लवकर येतो तितकी धास्ती जास्त. अवयव तयार होत असतात ना तेव्हा. दर महिन्याला डोक्याचं माप घेत राहायचं आणि वाट बघायची, याला औषध नाही. घरी येताना एसटीत माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर एक तान्हं पोर होतं, त्याची टाळू उडताना दिसत होती. मी सारखी तिकडंच बघत होते, तर त्या बाईनं त्याच्या डोक्यावर टोपडं ओढलं. तिला वाटलं, मी नजर लावतेय.

अजून एक. बाहेर पडताना भारत आणि मी मुद्दाम तुझ्या बाजूनं आलो. तू मोबाईलमध्ये तोंड घातलंस. भारत तुझ्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि दोन चहा सांगितले. तू बोलला नाहीस, पण कप घेतलास. घरी आल्यावर त्यानं त्याच्या आईला सांगितलं, "मेव्हण्यांबरोबर चहा पिऊन आलो."

मोनी


दौंड, २७ ऑक्टोबर २०२४

दादा,

हे कुणाला तरी लिहायला हवं म्हणून तुला लिहितेय. तू निदान काय ते समजशील.

गेल्या महिन्यातच बाळाचं डोकं वाढीत थोडं मागं वाटतंय असं म्हणाले होते. या वेळी तपासताना डॉक्टर बाई आधी गप्पा मारत होत्या, गाव कुठलं, माहेर कुठलं. मग त्यांचा हात एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरायला लागला आणि त्या बोलायच्या थांबल्या. तेव्हाच मला कळलं. डोकं वाढत नाहीय. पोट, पाय, पाठ सगळं महिन्याप्रमाणं आहे, डोकं मागं राहिलंय. आत मेंदूत पांढरे ठिपके दिसतायत.

मग मोठ्या डॉक्टरांची समिती बसली. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून अगदी सावकाश सांगितलं. बाळ कदाचित बसणार नाही, चालणार नाही. फिट येतील. दिसेल का, ऐकू येईल का, ते आज सांगता येत नाही. दिवस जास्त झाले असले तरी अशा बाबतीत गर्भ थांबवायची परवानगी मिळते. ठेवायचं असेल तर तसंही करता येईल. कुणी घाई केली नाही की कुणी उपदेश केला नाही. उलट त्यांनी काहीतरी ठासून सांगावं, असंच मला वाटत होतं.

भारतला मी विचारलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, "माझं पोट नाही ते, मोना. मी बोललो तर तू माझ्यासाठी करशील." आणि कुरकुंभला सेकंड शिफ्टला निघून गेला. मला राग आला. दुसऱ्या दिवशी त्याचा कंपनीतला मित्र म्हणाला, भारत मशीनजवळ नुसता उभा राहत होता, सुपरवायझरनं त्याला बाजूला बसवलं. मग राग गेला.

सासूबाईंना तू कधी बघितलं नाहीस. ताईबाई नाव त्यांचं. जन्मभर लोकांच्या कांद्यात खुरपायला गेल्या आणि भारतला शिकवलं. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, ठेवलंस तरी मी हाय, न्हाई ठेवलंस तरी मी हाय. माझ्या तोंडाकडं बघून काय ठरवू नको." आणि उठून गेल्या, पुन्हा विषय काढला नाही.

वॉर्डात माझ्यासारखीच एक होती, बारामतीकडची. तिनं थांबवायचं ठरवलं. घरात आधीच एक अधू मूल आहे, त्याला उचलून उचलून तिची पाठ गेलीय. तिनं मला विचारलं, "तुमी मला नावं ठेवनार का?" मी म्हटलं, "तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं." खरंच केलं असतं.

आणि मी ठेवायचं ठरवलं. का, ते नीट सांगता येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, बाळाला दुखेल का? त्या म्हणाल्या, लहान डोक्यामुळं असं दुखणार नाही. मग मी भारतला म्हटलं, मला वाटतं मी सांभाळीन. वाटतं म्हणतेय, खात्री नाही. रात्रंदिवस पाय मारतं रे. मला वाटायचं असं मूल पोटात निपचित पडून असेल. हे तर मला बसू देत नाही.

वहिनीचे दिवस भरत आले असतील. तिचं बाळ धडधाकट असावं असं मी रोज मनात म्हणते. नाही, खरं लिहिते. एखाद्या दिवशी म्हणवत नाही.

मोनी


दौंड, १६ फेब्रुवारी २०२५

दादा,

स्वराज झाला, तुम्ही गावभर पेढे वाटले, हे कळलं. डोळे तपासले, कान तपासले, सगळं नीट आहे, असं वहिनीनं तानुबाई मावशींकडून खुणेनंच कळवलं. 'तुमाला भ्या वाटत व्हतं तसं काय न्हाई म्हनावं' असा निरोप. मावशींना त्याचा अर्थ लागला नाही, मला लागला. मी देवळात गेले नाही की विहारात गेले नाही, पण चार घास जास्त जेवले त्या दिवशी.

आमच्याकडं जानेवारीच्या शेवटी मुलगी झाली. नाव सायली.

डोकं लहान आहे. कपाळ मागं उतरत जातं आणि डोक्यावरची कातडी मागं जरा गोळा झालीय. हात-पाय ताठ असतात, मूठ सोडत नाही. दूध ओढताना दमते, मग वाटी-चमच्यानं पाजते. उजवीकडून उजेड आला तर डोळे फिरवते, डावीकडं नाही. डॉक्टरांनी व्यायाम शिकवलेत, ते भारत करून घेतो, माझा हात धजत नाही. भारत कामावर असला की सासूबाई. त्या पहिल्याच दिवशी तिला घेऊन म्हणाल्या, "नाक हिच्या आज्याचं आलंय." ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की मला मूल झालंय. त्याआधी मला नुसता एक रिपोर्ट झाला होता.

हे सगळं तुझ्यावर रागवायला म्हणून लिहायला घेतलं नव्हतं. पण काल मावशी येऊन गेल्या. बिचाऱ्या बोलून गेल्या आणि मग जीभ चावली. आबा डेअरीच्या ओट्यावर बसून चारचौघांत म्हणाले म्हणे, "जात सोडून गेली, त्याचं फळ पदरात पडलं. देव बघतो." आणि आई घरात रडते, तीही हेच म्हणते, की मोनीला शाप भोवला.

तू तिथंच होतास का रे? डेअरीच्या ओट्यावर बोलले म्हणजे तू आत दुधाचं माप घेत असशील. ऐकलं असशील.

आबांना माहीत नाही. आईला माहीत नाही. तुला माहीत आहे. तोच ताप तुझ्या घरात होता. तोच रिपोर्ट तुझ्या बायकोचा आला. माझ्या लेकीचं डोकं माझ्या लग्नामुळं लहान राहिलं असेल, तर स्वराजचं का राहिलं नाही? वहिनीनं कोणती जात सोडली होती?

मी शब्द दिलाय, म्हणून मी बोलणार नाही. तुला तर कुणी शपथ घातली नव्हती. मला गावात यायचं नाही, आबांच्या घरातलं काही नको. फक्त आईला सांग. ती तिकडं बसून माझ्या लेकीला शापाची म्हणतेय, हे मला सहन होत नाही. बाकी लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

यापुढं लिहीन की नाही, माहीत नाही.

मोनाली


दौंड, ५ ऑक्टोबर २०२५

दादा,

आई आलीय. बुधवारी दुपारी एसटी स्टँडवरून कुणाच्या तरी फोनवरून फोन केला, "मोने, मी दौंडात हाय, तुजं घर कुठंय?" मला वाटलं आबांना काही झालं. भारत तिला गाडीवर घेऊन आला. ती पहिल्यांदाच त्याच्या मागं बसली, आणि खांद्याला धरायचं की नाही याचा विचार करत बसली असणार, कारण उतरली तेव्हा दोन्ही हातांनी सीटचा मागचा दांडा घट्ट धरला होता.

तिनं सगळं सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तू काय केलंस ते तुलाही कळेल.

यंदा गौरी-गणपती झाल्यावर पुन्हा ताप सुरू झाला. आरोग्यवाले पाण्याची भांडी बघायला आणि गरोदर बायकांचं रक्त घ्यायला आले, तर घरं दारं उघडेनात. माझ्यामुळं. ताप सांगितला आणि झिका निघाला, तर मोनालीसारखं आपल्यालाही शापाचं म्हणतील, म्हणून बायका पुरळ पदराखाली झाकायला लागल्या. मग त्यांनी मारुतीच्या देवळासमोर सगळ्यांना बोलावलं. आबा उठून म्हणाले, "असलं दुखनं आपल्यात नव्हतं. ज्यांनी आपलं सोडलं त्यांच्याकडं आलं. आपल्या लेकीसुनांना काय होत न्हाई, रक्तबिक्त द्यायची गरज न्हाई."

"मंग दत्ता उठला," आई म्हणाली. "मला वाटलं निघाला डेरीवर. तर तितंच उभा ऱ्हायला आन् म्हनला, आबा, स्नेहलला झाला व्हता. गेल्या साली. तोच ताप, मोनीला झाला तोच. पुण्याहून रिपोर्ट आलाय, मी लपवला. स्वराज नीट झाला, मोनीची नीट झाली न्हाई. आमी काय पुण्य केलं न्हवतं आन् तिनं काय पाप केलं न्हवतं. तिनं पत्र धाडलं म्हनून मला कळलं तरी."

आई म्हणाली, आबांनी काठी घेतली आणि गर्दीतून वाट काढत घरी गेले. देवळासमोर कुणी हलेना. मग वहिनी स्वराजला कडेवर घेऊन बायकांतून उठली आणि म्हणाली, "मला झाला व्हता. चला, म्या येते संगं." तेव्हा एक पोटुशी पोर उठली, तिच्यामागं दुसरी.

दादा, तू एकटा नाही बोललास, तीही बोलली. तिला माझा नमस्कार सांग. शब्दातून तिनंच मला मोकळं केलं.

आबा तुझ्याशी बोलत नाहीत, ताट वेगळं मागतात, हेही आईनं सांगितलं. मला माहीत आहे ते कसं असतं. सुरुवातीला घरात असूनसुद्धा पाहुण्यासारखं वाटतं.

माझा राग गेला असं मी लिहिणार नाही. तू बोलायला वर्ष लावलंस. त्या वर्षात मी लेकीला घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढत होते आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, लोक तिच्या डोक्याकडं बघत नाहीत, माझ्या कपाळाकडं बघतायत. ते वर्ष तुला परत देता येणार नाही. पण तू बोललास ते गावासमोर, आणि बसल्या जागेवरून नाही, उभा राहून. मी मागितलं होतं ते फक्त आईला सांगण्याचं.

आईनं पिशवी भरली आणि कुणाला न विचारता एसटीत बसली. आली तेव्हा दारातच थबकली. सासूबाई सायलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता आई पाणी घेईल की नाही. सासूबाईंनी पाणी दिलंच नाही. त्या उठल्या आणि सायलीलाच आईच्या हातात दिलं. म्हणाल्या, "धरा. मान संभाळा तेवढी, अजून धरत न्हाई."

आईनं तिला घेतलं. आधी टोपडं सोडलं. सगळे आधी टोपडं बांधतात, आईनं सोडलं आणि डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागं, हळूहळू. रडली नाही. विचारलं, "हिला ऐकू येतं का गं?" मी म्हटलं, थोडं येतं, जवळून. तेव्हा तिनं तोंड अगदी कानाशी नेलं आणि म्हणाली, "सायले, मी साखरबाई. तुज्या आईची आई." सायलीनं मूठ सोडली नाही, पण हातपाय थांबवून ऐकत राहिली.

फिट अजून येतात, औषध वाढवलंय. मान कधी धरेल सांगत नाहीत. भारतनं जनरल शिफ्ट मागून घेतलीय. आई आणि सासूबाई दोघी मिळून तिला सकाळी तेल लावतात आणि कोणत्या बाजूनं पाय सोडवायचा यावरून रोज भांडतात. पाण्याचा प्रश्न निघालाच नाही. पहिल्या संध्याकाळी आईनंच जाऊन चहा टाकला.

आज आई परत निघालीय, म्हणून घाईत लिहितेय, पत्र तिच्याच हाती देते. काल सायली सारखी किरकिरत होती, मी घाबरले, फिट येईल वाटलं. आईनं बोट धुऊन तिच्या हिरडीवरून फिरवलं आणि हसली. दात येतोय. वरचा आधी आला तर मामाला जड जातं म्हणतात, म्हणून तिनं पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं.

खालचाच आहे.

मोनी